शालन साळवे पळाली नव्हती

बारा लिटरचा कुकर, दोन इंडक्शन शेगड्या, पोळपाट-लाटणं, डाव, झारे, परात, उरलेला तांदूळ आणि अडीच किलो तुरीची डाळ एवढं सगळं पाच पेट्यांत भरून, त्या पेट्या एकटीने ओढत कुणी पळून जातं का? हसू नका, उत्तर द्या. तुम्हाला पळायचं असतं तर तुम्ही परात बरोबर घेतली असती?

ठाण्यातल्या एका टूर कंपनीच्या फायलीत असं लिहून ठेवलंय की शालन जगन साळवे, वय सेहेचाळीस, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, ही स्वयंपाकाची बाई गेल्या जूनमध्ये इटलीत वेरोना स्टेशनवरून ग्रुप सोडून पळून गेली. दुसऱ्या दिवशी तीच बाई त्याच ग्रुपबरोबर, त्याच विमानाने मुंबईला उतरली. पासपोर्टवर शिक्के आहेत. तरी फायलीत ती पळालेलीच आहे, आणि ती ओळ खोडली जात नाही तोवर तिला पुन्हा व्हिसा मिळणार नाही. व्हिसा नाही म्हणजे परदेशाचं काम नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की वकिलाची नोटीस येते, आणि शालनकडे वकील नाही.

शालनचं घर एमआयडीसीच्या मागच्या चाळीत. नवरा जगन वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होता. तिथे चौदा महिने संप चालला. पंधराव्या महिन्यात मालकाने गेटला कुलूप घातलं आणि जागा विकून टाकली. आता तिथे काचेची इमारत आहे, आणि जगन दुसऱ्याच कुठल्या काचेच्या इमारतीखाली वॉचमन आहे. ते चौदा महिने शालन रोज गेटवर डबा घेऊन जायची, जगनचा आणि ज्यांच्या घरून येत नव्हता अशा तिघांचा. संप म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. झेंडा कुठे लावतात, सतरंजीवर कोण बसतं, घोषणा कोण देतो आणि खरी माहिती कुणाकडे असते, हे तिला पाठ होतं. खरी माहिती घोषणा देणाऱ्याकडे कधीच नसते. ती कोपऱ्यात बसून चहा वाटणाऱ्याकडे असते.

घर तिच्या पोळ्यांवर चाललं. आधी शेजारचे चार डबे, मग एमआयडीसीतलं कॅन्टीन, मग टूरवाल्यांचं किचन. चारधाम, केरळ, नेपाळ. बसच्या डिकीतून शेगडी काढून, रस्त्याच्या कडेला, वीस मिनिटांत चाळीस जणांचे पोहे, वर ओलं खोबरं. सहा वर्षं तिने हे केलं. युरोपला मात्र ‘महाराज’ जायचा, पुरुष. गेल्या वर्षी त्याचा व्हिसा नाकारला गेला आणि कंपनीला सहा वर्षांनी शालन दिसली.

कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं, ‘घरगुती, सात्त्विक जेवण’. टूर मॅनेजर सौमित्र, तिशीतला, डोंबिवलीचाच, पण पश्चिमेचा. तो निघायच्या आधी म्हणाला, “शालनताई, आडनाव कुणी विचारलं तर नुसतं शालनताई सांगा हां. बाकी कशाला?”

“का? आडनाव तिखट लागतं का कुणाला?”

“तसं नाही हो. सीनियर लोक असतात. उगाच चर्चा.”

ती गप्प बसली. गप्प बसली कारण युरोप होतं. हे तिचं चुकलंच, आणि ती स्वतःच ते सांगते. पण तिसऱ्या दिवशी बाळकुमच्या सरोजकाकूंनी कांदा-लसूण नसलेली आमटी दुसऱ्यांदा वाढून घेताना विचारलंच, “हाताला काय चव आहे गं तुझ्या! तुम्ही कुठल्या, कोण?” शालनने सरळ सांगितलं, “साळवे. जय भीमवाले आम्ही.” काकू म्हणाल्या, “हो का, छान.” चौथ्या दिवसापासून काकूंना आमटी जड पडायला लागली. मी त्याचा अर्थ लावत नाही. ज्याला लावायचा त्याने लावावा.

मुंबईच्या विमानतळावरच सौमित्रने तळहात पुढे केलेला. “पासपोर्ट द्या, ताई. स्टाफचे माझ्याकडे राहतात.”

“लोकांचे त्यांच्याकडे आणि माझा तुमच्याकडे?”

“नियम आहे. मागे एक हेल्पर पॅरिसला गायब झालेला.”

“माझी पोरगी डोंबिवलीत बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी कुठं गायब होऊ?”

“नियम आहे, ताई.”

तो पासपोर्ट अकरा दिवस सौमित्रच्या कमरेच्या पाउचमध्ये फिरला.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, वेरोनाहून मिलानला जायचं होतं आणि शनिवारी मिलानहून विमान. हा शेवटचा टप्पा रेल्वेने, कारण बस एक दिवस आधी सोडून दिली की कंपनीची बचत. पुस्तिकेत त्याला ‘युरोपियन रेल्वेचा अनुभव’ म्हटलेलं. निघायचं होतं सकाळी आठला. पण थालीपिठं झाली होती, आणि बँकेतून रिटायर झालेले सुधीरकाका, म्हणजे सरोजकाकूंचे मिस्टर, यांना आणखी एक हवं होतं. मग सगळ्यांनाच आणखी एक हवं झालं. स्टेशनवर पोचले तेव्हा नऊ चाळीस.

फलकावर एकामागून एक गाड्यांपुढे लाल अक्षरं. प्लॅटफॉर्म रिकामे. दाराबाहेर तीसेक माणसं, झेंडे, एक शिट्टी, एक ढोलकीसारखं काहीतरी. सौमित्र माहिती खिडकीकडे पळाला, खिडकी बंद. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“स्ट्राइक आहे. दिवसभर.”

“अरे, पण तुला आधी माहीत नको?” कुणीतरी ओरडलं.

“काका, हे लोक अचानक करतात!”

अचानक काहीच नव्हतं. दारापाशी छापील कागद लावलेला, त्यावर तारीख होती, वेळा होत्या, आणि कागद उन्हाने पिवळा पडायला आलेला. म्हणजे कितीतरी दिवस तिथे होता. वाचला कुणी नाही.

“आपल्याकडे असते तर सरळ केलं असतं,” सुधीरकाका म्हणाले. “एवढे पगार घेतात, वर ढोल बडवतात. कामचोर लेकाचे.”

“यांच्याकडे आधी सांगून करतात वाटतं,” शालन म्हणाली.

“तुला कसं कळलं? इटालियन येतं का?”

“इटालियन नाही येत, काका. संप येतो.”

दोघे-तिघे हसले. काका हसले नाहीत.

बावीस माणसं, प्रत्येकाच्या हातात मोठा फोन, निम्म्यांची मुलं अमेरिकेत. त्यांनी ठाण्याला फोन लावले, मुलांना लावले, कुणी जावयाला लावला. दहा पावलांवर झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांना मात्र एकानेही विचारलं नाही की बाबांनो, गाडी कधी सुटणार? विचारायचंच नसतं त्यांना. संपवाला दिसला की आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाची मान आपोआप दुसरीकडे वळते. वागळे इस्टेटला वळायची, तशीच तिथेही वळली.

सौमित्रने तासाभराने तीन मोठ्या टॅक्सी आणल्या. एकीत आठ माणसं. आठ त्रिक चोवीस. बावीस प्रवासी, तेविसावा सौमित्र, चोविसावी शालन. हिशेब बरोब्बर बसत होता. सामान डिकीत आणि टपावर चढलं. पाच पेट्या राहिल्या. आणि शेवटच्या टॅक्सीतल्या रिकाम्या सीटवर सरोजकाकूंची लाल बॅग ठेवलेली.

“शालनताई, पेट्या बसत नाहीयेत,” सौमित्र म्हणाला. “तुम्ही पेट्यांजवळ थांबा. मी यांना सोडून टॅक्सी परत पाठवतो. भांडी सोडून कुठे हलू नका.”

“किती वेळ?”

“तीन-चार तास.”

“माझा पासपोर्ट देऊन जा.”

“आता पाउच कुठे उघडू? ड्रायव्हर हॉर्न मारतोय. येतेच आहे ना टॅक्सी!”

शालनने सीटवरच्या बॅगेकडे पाहिलं. मग काकूंकडे. काकूंनी खिडकीची काच वर केली. सौमित्रचं बोलणं त्या टॅक्सीत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. काच वर जाण्याआधी ऐकलं. हे लक्षात ठेवा.

आता ती बाई, खिशात वीस युरो, फोनमध्ये तिथलं सिमकार्ड नाही, कागद नाही, भाषा नाही. ग्रुपबरोबर असताना सौमित्रच्या फोनवरून नेट मिळायचं, ते टॅक्सीत बसून गेलं. शालन पेटीवर बसली. एक तास गेला. पोलिसांची जोडी एकदा समोरून गेली, दुसऱ्यांदा जाताना थांबून पेट्यांकडे पाहिलं. कागद मागितले तर काय दाखवणार, लाटणं?

ती उठली. पेट्या एकेक करून ओढल्या आणि थेट झेंड्यांपाशी नेऊन लावल्या. संपाच्या घोळक्यात पोलीस एकट्या माणसाला विचारत नाहीत, हेही तिला गेटवरूनच ठाऊक होतं. घोषणा देणाऱ्याकडे ती गेली नाही. कोपऱ्यात थर्मासमधून कॉफी वाटणारी एक पन्नाशीची बाई होती, गाडीत तिकीट तपासणारी, गळ्यात शिट्टी. नाव ग्राझिएल्ला. तिने शालनला कॉफी दिली. शालनने डब्यातलं थेपलं आणि लिंबाचं लोणचं दिलं. लोणच्याने ग्राझिएल्लाचे डोळे भरून आले, ती खोकली, आणि तिने हात पुढे करून आणखी मागितलं.

मग ग्राझिएल्लाचा फोन मध्ये ठेवून बोलणं झालं. शालन हिंदीत बोलायची, फोन इटालियनमध्ये सांगायचा. गाडी कधी? ग्राझिएल्लाने तिचा हात धरून तिला त्या पिवळ्या पडलेल्या कागदापाशी नेलं आणि बोट ठेवलं. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सहा ते नऊ. एवढा वेळ संपातही गाड्या सोडायच्या, असा तिकडचा कायदाच. कामावर जाणाऱ्या माणसाचे हाल होऊ नयेत म्हणून. सहानंतर मिलानची गाडी होती. साधी, स्वस्त, पेट्यांसकट.

शालन त्या कागदाकडे बघत राहिली. थालीपीठ एकेकच खाल्लं असतं तर सगळे गाडीत असते.

“उद्या?” तिने विचारलं. “उद्या तुमचं काय?”

“उद्या काम,” ग्राझिएल्ला म्हणाली. “एक दिवसाचा पगार जातो. नोकरी जात नाही.”

फोनने ते हिंदीत वाचून दाखवलं. शालनने ते वाक्य पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं.

ग्राझिएल्लाच्या नेटवरून तिने सौमित्रला मेसेज टाकला: ‘टॅक्सी आली नाही. सहानंतरच्या गाडीने मिलानला येते. भांडी बरोबर आहेत.’ दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मेसेज पोचला, उत्तर आलं नाही. मग घरी काळजी नको म्हणून जगनला एक फोटो पाठवला. झेंड्यांपुढे शालन, खांद्यावर ग्राझिएल्लाचा हात. जगनने तो बघितला आणि त्याच्या अंगात जुना फिटर संचारला. त्याने तो फोटो कारखान्यातल्या जुन्या साथींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या बाईसाहेब इटलीच्या संपात!’ त्याला वाटलं कौतुक.

साडेसहाच्या आसपास गाडी सुटली. दोन संपवाल्यांनी पेट्या चढवून दिल्या. मिलानला हॉटेल स्टेशनजवळच होतं, तरी पाच पेट्या न्यायला तिने तीन खेपा मारल्या. साडेआठ वाजले तरी बाहेर उजेड होता. हॉटेलच्या दारात सौमित्र फोनवर बोलत उभा होता. तिला पाहून तो बोलता बोलता थांबला.

“तुम्ही? तुम्ही कशा आलात?”

“गाडीने. टॅक्सी कुठाय?”

“ती... मिळाली नाही परतीची. बरं झालं आलात. मेसेज बघायला वेळच नाही मिळाला.” आणि मग आवाज बदलून, “लोक दुपारपासून ब्रेडवर आहेत. काहीतरी गरम करता का पटकन?”

आत जेवणघरात बावीस जण पिझ्झाचे खोके पुढ्यात घेऊन बसलेले. तिला पाहून एक टाळी वाजली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. “आली रे आली, अन्नपूर्णा आली!” सुधीरकाका म्हणाले. शालनने हातपाय धुतले आणि मागच्या अंगणात शेगडी लावली. मुगाची डाळ आदल्या दिवशीच संपलेली, म्हणून तुरीच्या डाळीची खिचडी, पापड, उरलेलं लोणचं. सगळे पोटभर जेवले. सरोजकाकूंना त्या दिवशी काही जड गेलं नाही.

तिला जे माहीत नव्हतं ते असं. दुपारी दोनला मालकाने ठाण्याहून सौमित्रला विचारलेलं, जेवणाचं काय केलंस, बाई कुठाय? पासपोर्टशिवाय बाईला एकटीला स्टेशनवर सोडून आलो, हे सांगितलं असतं तर नोकरी सौमित्रची गेली असती. तो म्हणाला, “सर, ती पळाली.” मालकाने तासाभरात व्हिसाच्या एजंटला लेखी कळवलं, एजंटने पुढे कळवलं. आणि रात्री ज्याने तिच्या हातची खिचडी दोनदा घेतली त्या सौमित्रने, बाई परत आली, एवढं एक वाक्य कुणालाही लिहिलं नाही. परत आली म्हटलं तर कुठून आली, तेही सांगावं लागतं.

घरी पोचल्यावर तिला कळलं. जगन चाळीच्या तोंडाशी उभा होता आणि प्रीती, मुलगी, रडून रडून डोळे सुजलेली. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीचा माणूस चाळीत येऊन गेला होता. सगळ्या दारांसमोर, मोठ्या आवाजात: “फोन आला का बाईचा? कुठे लपलीय सांगा, नाहीतर पोलीस केस होईल.” चाळीने ऐकलं. नळावर ऐकलं गेलं. प्रीतीला एका शेजारणीने विचारलं, “आई गोऱ्याबरोबर गेली का गं?” शालन परत आली तरी ते वाक्य परत गेलं नाही.

जानेवारीत कंपनीला युरोपसाठी पुन्हा बाई लागली. शालनचा अर्ज गेला, आणि नकार आला: मुदत संपल्यावर ही व्यक्ती मायदेशी परत जाईल याची खात्री वाटत नाही. पासपोर्टवर परतीचा शिक्का असलेल्या बाईबद्दल!

ती ठाण्याला ऑफिसात गेली. मालक खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “शालनबाई, मी काय करू? फाइल तशी बनलीय.”

“मग दुसरी बनवा. मी पळाली नव्हती, असं लिहा.”

“मॅनेजर म्हणतो तुम्ही परवानगीशिवाय ग्रुप सोडलात.”

“त्यानेच थांबवलं मला! हा मेसेज बघा.”

मालकाने मेसेज वाचला. “यात काय आहे? ‘गाडीने येते.’ म्हणजे तुम्ही ग्रुपबरोबर नव्हतात, हे तुम्हीच लिहून दिलंय.” मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. जगनच्या कौतुकाचा फोटो, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत तिथवर पोचलेला, छापून ठेवलेला. “आणि हे? ग्रुप उपाशी, आणि तुम्ही तिकडे झेंडे घेऊन!”

“झेंडा माझ्या हातात नाही, साहेब. माझ्या हातात थेपल्याचा डबा आहे. नीट बघा.”

“हे बघा, त्या ग्रुपमधलं कुणी लेखी दिलं की मॅनेजरने तुम्हाला थांबायला सांगितलं, तर मी दुरुस्तीचं पत्र पाठवतो. माझं काय जातं?”

शालन बाळकुमला गेली. टॉवर, सतरावा मजला, खाली रजिस्टरमध्ये नाव आणि काम. कामाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘साक्ष’. वॉचमनने वर फोन केला. पाच मिनिटं खाली उभं केल्यावर वर सोडलं.

सरोजकाकूंनी पाणी दिलं. बसायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, “अरेरे” म्हणाल्या. सुधीरकाका चष्मा पुसत म्हणाले, “तसं आम्ही पाहिलं तू उभी होतीस. पण तो नेमकं काय म्हणाला ते...”

“काका, तुम्ही खिडकीशी होता. ‘भांडी सोडून कुठे हलू नका’, असं म्हणाला.”

“असेलही. पण लेखी म्हणजे... उद्या कोर्टकचेरी झाली तर?”

“कोर्ट नाही, काका. दोन ओळी.”

“अगं, आम्ही नोव्हेंबरात त्यांच्याबरोबरच जपान बुक केलंय,” काकू म्हणाल्या. “संबंध कशाला बिघडवायचे? तू समजूतदार आहेस.”

शालन उठली. दारात चप्पल घालताना तिला राहवलं नाही. “काकू, त्या सीटवर बॅग होती.”

काकूंचा चेहरा लाल झाला. “माझी औषधं होती त्यात!”

“मांडीवर मावली असती,” शालन म्हणाली, आणि जिना उतरायला लागली. लिफ्टची वाट बघायला ती थांबली नाही. सतरा मजले.

त्यानंतर ती आणखी सहा घरी गेली, दोन नौपाड्यात, चार डोंबिवली पश्चिमेला. एका ठिकाणी दार उघडलं नाही. एकाला आठवत नव्हतं. एक बाई म्हणाल्या, “लिहून देते, पण मिस्टरांना विचारून.” मिस्टर अजून विचार करतायत. सौमित्र आता सिंगापूरच्या टूर नेतो. शालन पुन्हा एमआयडीसीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, दिवसाला साडेतीनशे. कुणी विचारलं की परदेश कसा होता, तर ती सांगते, “चांगला होता. तिथे संप करून माणसं दुसऱ्या दिवशी कामावर जातात. मी संप केला नाही, आणि काम गेलं.”

बावीस जण होतात तुम्ही. बाकीची घरं अजून राहिलीत, आणि शालनच्या पायांत आता जिने चढायची ताकद उरलेली नाही. तिला तुमची माफी नको, टाळ्या नकोत, खिचडीचं कौतुक तर मुळीच नको. शेवटच्या टॅक्सीत तुम्ही असाल, किंवा त्या टॅक्सीत होता अशा कुणाला ओळखत असाल, तर आज एक कोरा कागद घ्या. मॅनेजरने शालन साळवेला वेरोना स्टेशनवर थांबायला सांगितलं हे मी माझ्या कानांनी ऐकलं, एवढं लिहा. खाली तारीख घाला, सही करा, आणि तो कागद मानपाड्याला तिच्या हातात नेऊन द्या.